‘फेडरलिस्ट’ला मराठीत काय म्हणाल?

टाकबोरू: अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या निवडणुकांवर लेख लिहितोय. तिथल्या ‘फेडरलिस्ट’ या राजकीय गटाला ‘संघराज्यवादी’ लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, “म्हणजे राज्यांना जास्त अधिकार मागणारे ना?” नेमकं उलट! पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याच्या या मंडळींना केंद्र बळकट हवं होतं. 1790 मध्ये त्यांनी राज्यांची कर्जंसुद्धा केंद्राच्या अंगावर घेतली. ‘संघवादी’ लिहावं तर वाचक थेट नागपूरला पोचणार. काय करू?

अर्धविराम: केंद्रवादी. झालं.

भाकरतुकडा: झालं कसं? मला तरी ‘केंद्रवादी’ वाचून मध्यममार्गी आठवतात. शिवाय पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅडिसनचं काय? 1789 मध्ये व्हर्जिनियात मनरोला 1308 विरुद्ध 972 मतांनी पाडून तो प्रतिनिधिगृहात गेला, तेव्हा तो फेडरलिस्ट, म्हणजे नव्या राज्यघटनेच्या बाजूचा. मनरो विरोधातला. पुढे काही वर्षांत दोघंही जेफरसनच्या रिपब्लिकन तंबूत, आणि समोर कोण, तर फेडरलिस्ट! पहिल्यांना ‘घटनावादी’ म्हणा, दुसऱ्यांना फेडरलिस्टच राहू द्या.

धातुरूपावली: मूळ लॅटिन ‘फोएदुस’, म्हणजे करार, तह. सरळ ‘करारवादी’ म्हणा. ‘महापौर’ रुळला, हाही रुळेल.

अर्धविराम: करारवादी म्हणजे कंत्राटी कामगार वाटतात हो. आणि तहवादी म्हटलं की पुरंदर.

एडिसनकर: ‘रिपब्लिकन’ तसाच ठेवणार असाल तर जपून. लेकीच्या गृहपाठात मी जेफरसनवाल्यांना आजच्या रिपब्लिकनांचे पूर्वज ठरवलं आणि तोंडावर पडलो. आजचा रिपब्लिकन पक्ष 1854 चा. उलट डेमोक्रॅट आपली वंशावळ जेफरसनपर्यंत नेतात.

भाकरतुकडा: आमच्याकडे मराठवाड्यात रिपब्लिकन म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठला गट?

टाकबोरू: न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाची राज्यं, हा फेडरलिस्टांचा ‘बालेकिल्ला’ असं लिहिलंय, ते तरी चालेल ना? त्यात व्हरमाँटच्या मॅथ्यू लायनचा किस्सा घातलाय. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सवर टीका केली म्हणून 1798 च्या राजद्रोह कायद्याखाली हा रिपब्लिकन गडी आत गेला, आणि कोठडीतूनच पुन्हा निवडून आला!

धातुरूपावली: नाही चालणार. फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा, उंच. बालाघाटातला तोच. बालेकिल्ला हा गडाचा सगळ्यात वरचा भाग. अख्खं न्यू इंग्लंड म्हणजे गड झाला. बालेकिल्ला म्हणायचं तर फार तर कनेक्टिकटला म्हणा.

एडिसनकर: मग डेलावेअर? ते न्यू इंग्लंडात नाही, पण तिथून 1820 नंतरही फेडरलिस्ट निवडून येत होते. ती काय माची?

अर्धविराम: माची गडाला लागून असते. हा सुटा टेहळणीचा बुरूज.

टाकबोरू: अहो, सकाळी मजकूर द्यायचाय. निदान ‘करारवादी’ नको एवढं तरी ठरलं का?

धातुरूपावली: नाही.