गोरेगावच्या डिजिटल रिटेल परिषदेला जायचंय, पैसे वसूल कसे होतील?

गांधीबाग_रेडिमेड
नागपूरच्या गांधीबागेत तयार कपड्यांचं दुकान आहे. स्वतःची वेबसाइट आणि दोन मार्केटप्लेस मिळून महिन्याला साधारण 400 ऑर्डर, निम्म्याहून जास्त कॅश ऑन डिलिव्हरी. पुढच्या महिन्यात मुंबईत गोरेगावला दोन दिवसांची परिषद आहे. मी आणि ऑनलाइनचं काम बघणारा मुलगा, असे दोघं जाऊन राहिलो. पास स्वस्त नाही. एकाच वेळी तीन हॉलमध्ये भाषणं, शिवाय शंभरावर स्टॉल. कुठे बसायचं, कोणाला भेटायचं, काय विचारायचं? कुरिअरचा खर्च आणि परत येणारा माल ही सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे.

बर्डी_डिस्पॅच
भाऊ, भाषणांची यादी नंतर बघा, आधी स्वतःचा एक आकडा काढा: ग्राहकाच्या हातात पडलेल्या एका ऑर्डरमागे कुरिअरला खरे किती गेले. समजा 100 पार्सलं निघाली, जायचे 70 रुपये. त्यातली 25 परत आली, परतीचे 60. म्हणजे 7000 अधिक 1500, एकूण 8500. विकली गेली 75, तर एकीवर पडले 113 रुपये. पुष्कळ दुकानदार 70 धरून किंमत लावतात आणि फरक नफ्यातून जातो. हा आकडा तोंडपाठ असला की स्टॉलवरचा माणूस "आमचा दर 62 पासून" म्हणाला की तुम्ही लगेच विचाराल: 62 किती वजनाला? कुठल्या झोनला, म्हणजे अंतराच्या कुठल्या टप्प्याला? परतीचे किती, कॅश गोळा करायचे वेगळे किती, आणि ती कॅश आमच्या खात्यात कितव्या दिवशी?

वजनाचं नीट खोदून विचारा, खरा मार तिथेच बसतो. खरं वजन आणि आकारमानाचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 600 ग्रॅमचा कुर्ती सेट 30×25×10 च्या खोक्यात घातला की कागदावर दीड किलो होतो. तोच पिशवीत 30×25×4 मध्ये बसवला तर 600 ग्रॅमच राहतो. काही जण 5000 पेक्षा लहान आकड्याने भागतात, मग वजन आणखी फुगतं. भागायचा आकडा लेखी घ्या. वजनावरून वाद झाला तर फोटो किती दिवसांत द्यायचा, तेही विचारा.

सोबत तुमच्या ऑर्डरींच्या पिनकोडची यादी न्या. "भारतभर पोहोचतो" सगळेच म्हणतात. एटापल्ली, भामरागड, धारणी इथे घरपोच देता का आणि जादा पैसे किती, हे समोरच लॅपटॉपवर काढायला लावा.

इतवारी_हिशेब
पास बुक करतानाच दुकानाचा जीएसटी नंबर टाका. प्रवेशाच्या पासवर 18 टक्के कर असतो आणि कार्यक्रम जिथे होतो त्या राज्याचा धरतात. मुंबईत आहे म्हणून नागपूरच्या नोंदणीवर क्रेडिट मिळेल, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या करातून वजा होईल; हेच बेंगळुरूला असतं तर कर्नाटकचा कर लागून तो बुडाला असता. बिलाच्या पुढच्या महिन्याच्या 14 तारखेनंतर जीएसटी पोर्टलवरच्या 2बी मध्ये, म्हणजे क्रेडिटच्या यादीत, बिल आलंय का बघा.

बिलिंग सॉफ्टवेअर बघणार असाल तर त्यांचा तयार डेमो बघत बसू नका. आपल्या 50 नगांची सीएसव्ही फाइल (एक्सेलसारखी साधी यादी) न्या आणि हे करून दाखवायला सांगा: 2700 चा तयार कुर्ता, बिलातच 300 सूट. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याला नगामागे 2500 पर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18, म्हणजे 2400 वर दर आपोआप 5 व्हायला हवा. मग तीन नगांच्या बिलातला एक नग परत घ्या आणि क्रेडिट नोट (परत घेतलेल्या मालाची वजावट दाखवणारा कागद) त्याच दराने निघते का ते पाहा. बरीच सॉफ्टवेअर छापील किमतीवरच दर धरतात. सूट मार्केटप्लेसने स्वतःच्या खिशातून दिली असेल तर मात्र हिशेब वेगळा, ती रक्कम तुमच्या विक्रीच्या किमतीत धरावी लागते. हेही विचारा.

मार्केटप्लेसच्या पैशांचा मेळ घालून देणारी सेवा असेल तर मार्केटप्लेस आपल्या पैशांतून कापून घेते तो 0.5 टक्का टीसीएस (जीएसटीचा) आणि 0.1 टक्का टीडीएस (इन्कम टॅक्सचा) ऑर्डरनिहाय वेगळा दाखवते का, ते बघायचं. नुसती एकूण वजावट दाखवत असेल तर काही कामाची नाही.

गांधीबाग_रेडिमेड
आकडे आजच काढायला बसतो. भाषणांचं काय करू?

बर्डी_डिस्पॅच
उद्घाटन आणि मोठ्या हॉलमधल्या चर्चा सोडा. वक्त्याच्या कंपनीचा तिथेच स्टॉल असेल तर ते भाषण म्हणजे बहुतेक जाहिरातच असते. परतीचा माल, गोदाम, साइझ चार्ट यांवर एखादा विक्रेता स्वतः बोलणार असेल तर मुलाला तिथे बसवा, आणि भाषण संपल्यावर वक्त्याला गाठून एकच नेमका प्रश्न विचारायला सांगा. तुम्ही त्या वेळात स्टॉल फिरा. सकाळी भाषणं चालू असताना स्टॉलवर गर्दी नसते, जेवणाच्या सुट्टीत कोणी धड बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आवराआवर सुरू होते. ज्यांच्याकडे दर ठरवायचा अधिकार आहे अशांच्या सहा-सात भेटी आठवडाभर आधीच ईमेलवर ठरवून ठेवा.

बिल्ल्यावरचा क्यूआर सरसकट स्कॅन करू देऊ नका, पुढे महिनाभर फोन येतात. नोंदणीला वेगळं सिम आणि वेगळा ईमेल द्या.

विदर्भ एक्स्प्रेसने गेलात तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गोरेगाव लोकल धरा, सीएसएमटीपर्यंत जायचं कारण नाही.

इतवारी_हिशेब
तिथल्या तिथे सही करू नका. "आजच्यापुरता दर" ईमेलवर मागवा, देणारा आठवडाभर थांबतो. करारात तीन गोष्टी बघा: किमान मुदत, दरमहा किमान बिल, आणि सोडताना आपला ग्राहकांचा आणि मालाचा डेटा एक्सेलमध्ये मिळतो का. पटलं तर आधी 50 ऑर्डरी नव्या कुरिअरने पाठवा, जुना चालूच ठेवा आणि दोघांचा 113 वाला आकडा शेजारी मांडा. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर मात्र बिलिंग बदलायला घेऊ नका.