मदत हवी आहे: मी भारतीय, तो ब्राझीलचा, राहतो दोघं जर्मनीत. कायदेशीर लग्न करायचं कुठे?

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, नोकरीनिमित्त उत्तर जर्मनीत राहते, ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) आहे. जोडीदार ब्राझीलचा, मिनास जेराइस राज्यातला, तोही इथेच नोकरी करतो आणि त्याचा स्वतःचा परमिट आहे, म्हणजे व्हिसासाठी लग्न वगैरे काही भानगड नाही. दोघांच्याही घरून होकार आहे. दोघांचंही पहिलंच लग्न. एवढं सगळं सरळ असताना कागदांनी मात्र जीव मेटाकुटीला आणलाय, म्हणून इथे लिहितेय. ज्यांनी असं दोन देशांचं लग्न तिसऱ्या देशात केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

आधी आम्ही इथल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. बाई बोलायला चांगल्या होत्या पण यादी हातात आली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. जर्मनीत परदेशी माणसाला लग्न करायचं तर स्वतःच्या देशाकडून 'हिच्या लग्नाला आमच्या कायद्याने काही अडचण नाही' असं प्रमाणपत्र आणावं लागतं. भारत असं प्रमाणपत्र देत नाही, ब्राझीलही देत नाही. मग त्याच्यातून सूट मिळावी म्हणून वरच्या कोर्टाकडे, ओबरलांडेसगेरिश्टकडे अर्ज जातो. तोही श्टांडेसआम्टमार्फतच जातो, पण त्याच्या आधी आपले सगळे कागद खरे आहेत हे सिद्ध व्हायला पाहिजे.

आणि इथेच माझं घोडं अडलंय. त्याच्या बाजूचं काम पटकन झालं. ब्राझीलमध्ये माणसाचं लग्न झालं की त्याची नोंद जन्माच्या रजिस्टरमध्येच मारतात, त्यामुळे जन्मदाखल्याची ताजी नक्कल काढली की तो अविवाहित आहे हे त्यातूनच कळतं. त्याच्या बहिणीने तिथून नक्कल काढली, अपोस्टिल (कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) मारून कुरियरने पाठवली, विषय संपला. आपल्याकडे तसं काही नाही. अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, मग ते मंत्रालयातून अटेस्ट करा, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, आणि एवढं केल्यावर कळतं की भारताचं अपोस्टिल जर्मनी मानतच नाही. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, ती अजून आहे. म्हणून इथलं ऑफिस भारतातल्या जर्मन वकिलातीला पत्र लिहितं, ते त्यांचा वकील आपल्या गावी पाठवतात, तो नगरपालिकेत जाऊन रजिस्टर बघतो, शेजारीपाजारी चौकशी करतो आणि रिपोर्ट देतो. खर्च आपला, काही महिने लागतात.

मला चौकशीची भीती नाही, लपवण्यासारखं काही नाहीच. भीती आहे ती जन्मदाखल्याची. मी घरातलं पहिलं मूल, त्यामुळे आईचं बाळंतपण आजोळी झालं आणि नोंद तिथल्या नगरपालिकेत. दवाखान्यातून जो फॉर्म गेला त्यात आईचं माहेरचं नाव लिहिलंय. लग्नात आईचं नाव बदललं होतं, म्हणजे आडनावच नाही, नावसुद्धा. माझ्या पासपोर्टवर, दहावीच्या सर्टिफिकेटवर, आईच्या आधारवर सगळीकडे सासरचं नाव. आता जर्मन माणसाला कसं पटवायचं की या दोन बायका एकच आहेत? आणि माझ्या पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव एकत्र आलंय, त्यामुळे इथे सगळ्या सरकारी कागदांवर बाबांचं नाव माझंच दुसरं नाव म्हणून लागलंय, दाखल्यावर मात्र मुलीचं नाव म्हणून फक्त माझं एकटीचं.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती इतकी हिरमुसली, म्हणाली माझ्यामुळे तुझं अडलं. तिच्यामुळे काय अडलंय, त्या काळी सगळ्याच बायकांचं असं होतं. तिला असं वाटावं याचंच मला जास्त वाईट वाटतंय.

तर आमच्यासमोर तीन वाटा दिसतायत. एक, इथेच दम धरायचा. दोन, डेन्मार्कला जाऊन लग्न करायचं, इथले बरेच जण करतात. तीन, सांगलीला येऊन वेगळ्या धर्माच्या जोडप्यांनाही चालणाऱ्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली. आईबाबांना विधिवत लग्न हवंच आहे आणि ते आम्ही करणारच, तो तर आत्तापासून मुंडावळ्यांचे फोटो बघतोय. पण तो ख्रिश्चन आहे आणि हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात, म्हणजे सप्तपदी झाली तरी कागदावर तेवढ्याने लग्न होत नाही एवढं समजलंय.

प्रश्न असे की डेन्मार्कचं लग्न भारतात आणि ब्राझीलमध्ये चालतं का, तिथे जन्मदाखला मागतात का, आणि पुढे त्याला ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड) काढायचं तर काही अडतं का. बर्लिनच्या आपल्या दूतावासात १९६९ च्या फॉरेन मॅरेज अॅक्टखाली कोणी लग्न केलंय का हेही सांगा.

प्रतिसाद

आम्ही डेन्मार्कला केलं, मी पुण्याची आणि नवरा मेक्सिकोचा. बिनधास्त जा. अर्ज ऑनलाइन असतो, तिथल्या फॅमिली लॉ एजन्सीकडे. २०१९ पासून सगळे अर्ज त्यांच्याकडेच जातात, आधी प्रत्येक नगरपालिका आपापलं बघायची. आम्हाला जन्मदाखला मागितला नाही. पासपोर्टच्या सगळ्या पानांचे स्कॅन, कव्हरसकट, कोरी पानंपण, परमिट कार्ड, आणि जर्मनीतला पत्त्याचा दाखला ज्यावर 'लेडिग' म्हणजे अविवाहित असं लिहून येतं, तो. शिवाय नातं खरं आहे याचा पुरावा, आम्ही एकत्र घराचा करार आणि फोटो दिले. मंजुरी आली की ती चार महिने चालते, तेवढ्यात लग्न उरकायचं. ओरिजिनल कागद तिथे दाखवावे लागतात ते विसरू नका. साक्षीदार नसले तर नगरपालिकाच देते. आम्ही एरो बेटावर गेलो, स्वेनबोर्गहून फेरीने सव्वा तास, फार गोड गाव आहे. सर्टिफिकेट इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश सगळ्यात एकत्र येतं, पोर्तुगीज मात्र नसतं, ते भाषांतर करून घ्या. भारत आणि ब्राझीलसाठी डॅनिश परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल लगेच मागवा, जर्मनीला ते लागत नाही.

प्रतिसाद

सांगलीचा पर्याय धरत असाल तर रजेचा हिशोब आधी करा. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये दोघांपैकी एकाने नोटिशीच्या आधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस लागून आणखी तीस दिवस, मग तीन साक्षीदार. शिवाय भारतात झालेल्या लग्नाचं सर्टिफिकेट जर्मनीत आणलं की परत तीच वकिलातीची चौकशी मागे लागू शकते. ओसीआयसाठी लग्नाची नोंदणी होऊन लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं, त्यामुळे आत्ता लगेच त्याचा विचार नको. आणि ब्राझीलच्या वकिलातीत लग्न नोंदवून घ्या, पुढे तिकडच्या नोंदणी कार्यालयातही चढवावं लागतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच त्याला सगळं वाचून दाखवलं, आमचं डेन्मार्कचं जवळपास ठरतंय. घरचं लग्न मग निवांत, आईच्या अंगणात करू, सह्यांची घाई नसेल तर तिलाही बरं वाटेल.

पुण्याच्या ताई, दोन शंका राहिल्यात. तो 'लेडिग' लिहिलेला दाखला काउंटरवर वेगळा मागावा लागतो का, कारण मला घर बदलताना जो मिळाला त्यावर फक्त पत्ता आहे. आणि अर्जात नाव लिहिताना बाबांचं नाव पासपोर्टप्रमाणे नावाच्या रकान्यातच टाकलं का तुम्ही? जन्मदाखल्यावर आईचं नाव दुरुस्त करायला कोणी नगरपालिकेत गेलं असेल तर राजपत्रातली नोंद लागली की आईच्या लग्नाच्या दाखल्यावर काम झालं तेही सांगा, पुढेमागे जर्मन नागरिकत्वाच्या वेळी तो दाखला परत पुढे येणारच आहे.