लाइटरूममध्ये टाकलेले प्रिसेट दिसतच नाहीत – ताईच्या हळदीचे फोटो अडकलेत, मदत हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय नेमकं कुठे चुकतंय ते तुम्हाला कळणार नाही.

ताईचं लग्न मागच्या महिन्यात झालं. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर होता, पण हळद आणि आदल्या दिवशीचं चुडा भरणं हे घरच्या घरी, म्हणून ते फोटो मी काढले. मामेभावाचा निकॉन कॅमेरा होता, त्यात रॉ (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइली) काढले. शिवाय माझ्या नि वहिनीच्या फोनमधले जेपीजी आहेत. निवडून निवडून ६४० उरलेत. ताई आता सासरी आहे, तिला अल्बम छापून पाठवायचाय. हे काम मला मनापासून चांगलं करायचंय, कारण या दिवसाचे दुसरे कुणाकडेच फोटो नाहीत.

एडिटिंग मला फार येत नाही. लाइटरूम क्लासिक (ॲडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) घेतलंय, एक्स्पोजर आणि क्रॉप एवढं जमतं. मैत्रीण म्हणाली की इतक्या फोटोंना एकेक करत बसू नकोस, तयार प्रिसेट घे, म्हणजे एका क्लिकमध्ये लागणाऱ्या तयार सेटिंग्ज. म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लग्नासाठीचा ६० प्रिसेटचा संच घेतला. झिप फाइल आली. उघडल्यावर आत तीन फोल्डर: एकात .एक्सएमपी फाइली, दुसऱ्यात .एलआरटेम्प्लेट, तिसऱ्यात .डीएनजी.

एक व्हिडिओ बघून मी एक्सएमपीचं फोल्डर कॉपी केलं आणि ॲपडेटा → रोमिंग → ॲडोबी → लाइटरूम → डेव्हलप प्रिसेट्स इथे नेऊन टाकलं. लाइटरूम बंद करून उघडलं. काही नाही. लॅपटॉप रीस्टार्ट केला. तरी नाही. डाव्या बाजूच्या प्रिसेट्स पॅनलमध्ये आधीचेच गट दिसतात, माझ्या संचाचं नावसुद्धा नाही. विंडोज ११ आहे. लाइटरूम याच वर्षी घातलंय, म्हणजे जुनं नाही.

दोन दिवस यात गेले. कुणीतरी सांगा, प्लीज.

तिपाई

अभिनंदन ताईचं. आधी एक बघा. एडिट मेनूत प्रेफरन्सेस उघडा, त्यात प्रिसेट्स नावाचा टॅब आहे. तिथे ‘स्टोअर प्रिसेट्स विथ धिस कॅटलॉग’ला टिक आहे का? ती असेल तर लाइटरूम नेहमीच्या जागी बघतच नाही, कॅटलॉगच्या (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) शेजारी ‘लाइटरूम सेटिंग्ज’ नावाचं फोल्डर असतं तिथेच शोधतं. दुसऱ्याकडून कॅटलॉग कॉपी करून घेतला असेल तर हे होऊ शकतं.

कृष्णाकाठ

बघितलं. टिक नाहीये. कॅटलॉगही माझाच, नवीन केलेला.

तिपाई

मग ती शंका मिटली. तुमची पोस्ट परत वाचली आणि गडबड सापडली. तुम्ही बघितलेला व्हिडिओ जुना आहे. डेव्हलप प्रिसेट्स हे फोल्डर एलआरटेम्प्लेटच्या काळातलं. एप्रिल २०१८ मध्ये लाइटरूम क्लासिकची ७.३ आवृत्ती आली, तेव्हा प्रिसेटचा साचाच बदलला. त्यानंतर प्रिसेट एक्सएमपीत असतात आणि त्यांची जागाही वेगळी: ॲपडेटा → रोमिंग → ॲडोबी → कॅमेरारॉ → सेटिंग्ज. कॅमेरा रॉ (फोटोशॉपमधलं रॉ एडिट करायचं साधन) आणि लाइटरूम, दोघांना एकच प्रिसेट वापरता यावेत म्हणून ते तिथे गेले. तुम्ही नव्या साच्याच्या फाइली जुन्या घरात नेऊन ठेवल्यात, म्हणून त्या कुणाला दिसत नाहीत.

विक्रेते तीन फोल्डर देतात त्याचं कारणही हेच. एलआरटेम्प्लेट हे लाइटरूम ६ किंवा त्याआधीचं वापरणाऱ्यांसाठी, एक्सएमपी तुमच्या-माझ्यासाठी, आणि डीएनजी फोनवाल्यांसाठी. तुम्हाला फक्त एक्सएमपी हवंय.

आणि हाताने कॉपी करायचीच गरज नाही. जिथे टाकलंत तिथून ते फोल्डर आधी काढा. मग डेव्हलप मॉड्यूलमध्ये जा, डावीकडे प्रिसेट्स शब्दाच्या शेजारी अधिकचं चिन्ह आहे, ते दाबा, ‘इम्पोर्ट प्रिसेट्स’ निवडा आणि एक्सएमपी फाइली दाखवा. बाकी जागा वगैरे लाइटरूम स्वतः बघतं. मॅकवाल्या कुणी हा धागा वाचला तर त्यांनाही हीच पद्धत.

कृष्णाकाठ

दादा, आले! खरंच आले! एवढ्याशा गोष्टीसाठी दोन दिवस गेले हो. खूप खूप आभार.

पण अजून दोन अडचणी आहेत. पहिली, आधी मी अख्खी झिपच दाखवली तर काही फाइली इम्पोर्ट झाल्या नाहीत असा निरोप आला. दुसरी, रॉ फोटो उघडला की ६० च्या ६० दिसतात. फोनचा जेपीजी उघडला की त्यातले बरेचसे गायब! परत रॉवर गेलं की परत हजर.

तिपाई

पहिलीची काळजी नको. झिप मॅकवर बनवलेली असणार. मॅकवर झिप करताना ‘मॅकओएसएक्स’ नावाचं एक जादा फोल्डर तयार होतं, त्यात टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली असतात. त्यांचं शेपूट एक्सएमपीचं असतं, पण आत प्रिसेट नसतो, म्हणून लाइटरूम त्या नाकारतं. तुमचे ६० आलेत ना, मग काही राहिलेलं नाही.

दुसरी. काही प्रिसेटमध्ये रॉ फाइलसाठीचा किंवा ठरावीक कॅमेऱ्याचा प्रोफाइल (फोटोचे मूळ रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) बांधलेला असतो. जेपीजीला तो लागू होत नाही, म्हणून लाइटरूम असे प्रिसेट लपवतं. प्रेफरन्सेसमध्ये त्याच प्रिसेट्स टॅबमध्ये ‘शो पार्शली कम्पॅटिबल डेव्हलप प्रिसेट्स’ आहे, त्याला टिक करा. मग ते तिरप्या अक्षरांत दिसतील. तिरपं अक्षर म्हणजे यातलं सगळं लागू होणार नाही, एवढंच समजायचं.

कृष्णाकाठ

टिक केली, दिसले.

पण आता खरं सांगू का, मन खट्टू झालंय. या संचातला सगळ्यात वर असलेला प्रिसेट हळदीच्या फोटोंना लावून बघितला. हळद हळद राहिलीच नाही. मोहरीच्या चटणीसारखी तपकिरी दिसते. हिरवा चुडा शेवाळी झाला. मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या वाळल्यासारख्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताईचा चेहरा. माझी ताई सावळी आहे. फोटोत ती गोरी, पिठूळ, कुणीतरी तिसरीच बाई वाटते. आईला दाखवलं तर आई म्हणाली, ‘ही आपली नाही.’ पुढचे दहा-बारा लावून बघितले, थोड्याफार फरकाने तेच.

इन्स्टॉल करताना माझं काही चुकलंय का? की प्रिसेट असेच असतात? पैसे गेले ते गेले, पण ताईला तिचाच चेहरा दिसला पाहिजे.

अंधारखोली

पोरी, तुझं काही चुकलेलं नाही. मी कोल्हापुरात तीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. तुझी शेवटची पोस्ट वाचून लिहायला बसलो.

प्रिसेट म्हणजे जादू नव्हे, कुणीतरी आपल्या फोटोंसाठी लिहून ठेवलेले स्लायडरचे आकडे. विश्वास बसत नसेल तर तो एक्सएमपी नोटपॅडमध्ये उघड. सगळं वाचता येतं. त्यात ‘ह्यू ॲडजस्टमेंट यलो’ शोध. माझा अंदाज, तिथे उणे वीस-तीसच्या पुढचा आकडा असेल. पिवळ्याचा ह्यू, म्हणजे रंगाची छटा, उणेकडे गेला की पिवळा नारिंगीकडे सरकतो, अधिककडे गेला की हिरव्याकडे. त्यात भर म्हणून पिवळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, उतरवलेलं असेल. नारिंगीकडे सरकवलेला आणि फिका केलेला पिवळा म्हणजे तपकिरीच. हिरव्याचंही तसंच करतात. जिथे गवत आणि झाडी फोटोत नको तितकी उठून दिसते, तिथल्या लग्नांना ते शोभतही असेल. आपल्याकडे हळदीच्या फोटोत पिवळा नि हिरवा हेच तर सगळं आहे. तेच मारल्यावर उरणार काय?

आता चेहरा. माणसाची कातडी, गोरी असो की काळी, लाइटरूमच्या हिशेबात बहुतेक नारिंगी खात्यात येते. या संचांमध्ये नारिंगीचा ल्युमिनन्स (उजळपणा) वर आणि सॅच्युरेशन खाली केलेलं असतं. सावळ्या माणसावर ते लावलं की राखेसारखा पांढरट रंग येतो. तू पाहिलंस ते हेच.

उपाय. प्रिसेट लावल्यावर उजवीकडच्या ‘कलर मिक्सर’ पॅनलमध्ये जा (आधी त्याचं नाव एचएसएल होतं: ह्यू, सॅच्युरेशन, ल्युमिनन्स). ह्यूमध्ये पिवळा आणि हिरवा शून्यावर आण, सॅच्युरेशनमध्येही तेच. ल्युमिनन्समध्ये नारिंगी शून्य. स्लायडरच्या नावावर दोनदा क्लिक केलं की तो शून्यावर येतो. एवढं करून बघ, ताई परत येईल. प्रिसेटचा कॉन्ट्रास्ट, सावल्यांचा मऊपणा हे आवडलं असेल तर ते तसंच राहतं.

पण त्याच्याही आधीचं एक काम राहिलंय असं वाटतं. मांडव कापडी होता का? कोणत्या रंगाचा?

कृष्णाकाठ

काका, कापडीच. पिवळा आणि गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा. तुम्हाला कसं कळलं?

नोटपॅडमध्ये उघडलं. पिवळ्याचा ह्यू उणे ३८ आहे, नारिंगीचा ल्युमिनन्स अधिक २५. तुम्ही सांगितलं तसंच.

अंधारखोली

अशा मांडवांखाली आयुष्य गेलं माझं. दुपारचं ऊन त्या कापडातून गाळून येतं, तेव्हा उजेडच पिवळा-गुलाबी असतो. एका पट्ट्याखाली नवरी पिवळी, चार पावलांवर करवली गुलाबी. ते कुठलाच प्रिसेट ओळखू शकत नाही. पूर्वी रंगीत प्रिंट काढताना एनलार्जरवर पिवळा, मॅजेंटा फिल्टर कमी-जास्त करत बसायचो आम्ही, आणि मांडवातल्या निगेटिव्हना सगळ्यात जास्त कागद वाया जायचा.

म्हणून आधी फोटोंचे उजेडाप्रमाणे ढीग कर. सकाळी अंगणातले वेगळे, मांडवाखालचे वेगळे, संध्याकाळी बल्बच्या उजेडातले वेगळे. प्रत्येक ढिगातला एक फोटो घे आणि व्हाइट बॅलन्सचा (उजेडाचा रंग काढून टाकायची सेटिंग) ड्रॉपर पांढऱ्या किंवा राखाडी गोष्टीवर टेकव. पुष्कळ लोक वडीलधाऱ्यांच्या टोपीवर टेकवतात. त्या टोपीला नीळ दिलेली असते! ड्रॉपरला तो निळा दिसतो आणि तो सगळा फोटो पिवळा करून ठेवतो. त्यापेक्षा पाटाभोवतीची पांढरी रांगोळी घे, पण ती नवरीच्याच उजेडात असली पाहिजे, आणि उन्हात जळून पांढरीफेक झालेली नको.

रॉ आणि जेपीजी एका ढिगात मिसळू नकोस. रॉमध्ये व्हाइट बॅलन्सचं टेम्परेचर केल्विनमध्ये असतं, जेपीजीमध्ये उणे १०० ते अधिक १००. एकाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग ढीग निवडून ‘सिंक’ कर, म्हणजे त्या एका फोटोच्या सेटिंग्ज सगळ्यांना लागतील. क्रॉपची टिक मात्र काढ, नाहीतर सगळे फोटो एकसारखे कापले जातील.

तिपाई

काकांच्या पोस्टला जोडून. प्रिसेट लावल्यावर पॅनलच्या वर ‘अमाउंट’चा स्लायडर येतो, जून २०२२ पासून आहे. शंभरावरून चाळीस-पन्नासवर आणलंत की भडकपणा निवतो. काही प्रिसेटना तो चालत नाही, मग फिकट दिसतो.

आणि एचएसएल शून्य करून जे तयार होईल ते स्वतःचा प्रिसेट म्हणून ठेवून द्या. तेच अधिकचं चिन्ह, ‘क्रिएट प्रिसेट’. जी यादी उघडते तिच्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजरची टिक काढा. ते दोन्ही प्रत्येक फोटोचे वेगळे असतात, प्रिसेटमध्ये बांधले तर काकांनी सांगितलेली सगळी मेहनत एका क्लिकमध्ये पुसली जाईल.

कृष्णाकाठ

तीन दिवसांनी लिहितेय, माफ करा. रोज रात्री बसत होते.

ढीग पाच झाले. रांगोळीवर ड्रॉपर टेकवला आणि मांडवाखालचे फोटो एकदम मोकळे झाले, जणू कुणी कापड बाजूला केलं. टोपीवरही मुद्दाम करून बघितलं काका, खरंच पिवळं पडलं. नंतर विकतच्या संचातला एकच प्रिसेट ठेवला, पिवळा, हिरवा, नारिंगी शून्यावर आणले, अमाउंट पंचेचाळीस. तो ‘ताई हळद’ नावाने ठेवलाय. दोन ठिकाणी एका बाजूने पिवळा नि दुसऱ्या बाजूने गुलाबी उजेड आहे, ते मास्क लावून (फोटोचा तेवढाच भाग निवडून) हातानेच केले.

४१० झालेत. आज आईला लॅपटॉपवर दाखवले. चुडा भरतानाच्या एका फोटोपाशी आई थांबली, ताईच्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग आहे, तो दिसत होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हा मोठा छापून आण.

एकच शेवटचं. वहिनीला तिच्या फोनवरच्या लाइटरूममध्ये हाच प्रिसेट हवाय. माझ्या क्लासिकमधून तिकडे आपोआप जाईल का?

तिपाई

आपोआप नाही जाणार. क्लासिकमधले प्रिसेट क्लाउडवर सिंक होत नाहीत. ‘ताई हळद’वर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, एक्सएमपी फाइल मिळेल. ती वहिनींच्या फोनवर पाठवा, पण व्हॉट्सॲपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून. फोनच्या ॲपमध्ये कुठलाही फोटो एडिटला उघडून प्रिसेट्स → तीन टिंबं → इम्पोर्ट. फोनवरचे फोटो जेपीजी असतील, तेव्हा व्हाइट बॅलन्स आधी हाताने करायला सांगा त्यांना.

अंधारखोली

मनगटाचा तो फोटो छापायला देण्याआधी मॅट कागद माग. चकचकीत कागदावर चुड्याच्या काचेची चमक दुप्पट होते आणि बाकी काही दिसत नाही. आणि आधी एक छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघ, मग मोठी.