इतिहासातला धडा प्रेसमध्ये लावायचाय, पहिली घटना कोणती घेऊ?

परळचा_ऑफसेट:
लोअर परळला छोटा ऑफसेट प्रेस आहे, सात माणसं. दर शनिवारी सुट्टीआधी अर्धा तास मुंबईच्या इतिहासातली एक घटना सांगायची आणि तिच्यावरून कामात एकच बदल करायचा, असं ठरवलंय. खर्च ५०० रुपयांच्या आत. सुरुवात कुठून करू?

गोदीकाठ:
१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला. आग दुपारी दोनच्या सुमारास दिसली, पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी झाला. मधल्या दोन तासांत जहाज तिथेच बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, हे ठरलंच नाही. तुमच्याकडे कागद हा कापूस आणि थिनर हा दारूगोळा. थिनर मशीनपाशी दिवसाला लागेल तेवढाच, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. बाकीचा कागदाच्या रिमांपासून लांब. शाईचे तेलकट बोळे ढिगात आपोआप तापून पेटू शकतात, त्यांना झाकणाचा लोखंडी डबा, रोज संध्याकाळी रिकामा. मेन स्विच कोण पाडणार त्याचं नाव भिंतीवर लिहा, तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं. सहा किलोचा एबीसी (सुक्या पावडरीचा) अग्निशामकही घ्या, ५०० विसरा.

दाणागोटा:
पानिपत घ्या. डिसेंबर १७६० मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, १४ जानेवारीला उपाशी फौज लढायला उतरली. कागदाचा व्यापारी एकच ठेवू नका. बाजारबुणगे सोबत घेतल्यामुळे सगळं बिघडलं हे मात्र मला पटत नाही.

गोदीकाठ:
मुंबईचं विचारलंय हो. आणि तोंडं वाढली की दाणा लवकर संपतो, हे उघडच आहे.

बॅकबे:
व्यापाऱ्याआधी गिऱ्हाईक बघा. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथली रुई मिळेना, म्हणून आपली आखूड धाग्याची रुई सोन्याच्या भावाने गेली. पैसा शेअरांत ओतला गेला. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळले, समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे शेअर कवडीमोल झाले. नाइलाजाने आलेलं गिऱ्हाईक नाइलाज संपला की जातं. वर्षभराची बिलं काढा, प्रत्येकाचा वाटा मांडा. नव्या मशीनचा हप्ता लग्नसराईच्या नव्हे, पावसाळ्यातल्या धंद्यावर झेपतो का, ते तपासा.

आर्थररोड:
तुमच्या शेजारचंच सांगते. १८९६ ला मांडवीत प्लेग सापडला. झडत्या आणि सक्तीचं विलगीकरण सुरू झाल्यावर लोक रुग्ण लपवायला लागले. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रोग लपला की उपाय उशिरा पोचतो. चुकीबद्दल पगार कापत असाल तर कारागीर चूक लपवणार, आणि ती कटिंगनंतर कळणार. कटिंग मशीनशेजारी वही ठेवा. रकाने चार: वेळ, जॉब, काय बिघडलं, किती शीट वाया. नावाचा रकाना नको. शनिवारी फक्त ती वही वाचायची.

मस्जिदबंदर:
आधी थिनर हलवा. बोळ्यांना झाकणाचा डबा.

गोदीकाठ:
तेच म्हणतोय मी.

परळचा_ऑफसेट:
सगळ्यांचे आभार. जास्त मतं गोदीच्या बाजूने आहेत, तरी पहिला शनिवार प्लेगला देतोय. उलटी लागलेली प्लेट छापून संपेपर्यंत कोणी बोलत नाही, हे रोजचं दुखणं आहे. चाळीस रुपयांची वही आणली, या महिन्यापासून पगाराची कापाकापी बंद. गोदी दुसऱ्या शनिवारी. थिनरचे डबे आजच पोटमाळ्यावर चढवतो, अग्निशामक आधीपासून आहे.

गोदीकाठ:
पोटमाळ्यावर नको! छपराखाली उकाडा असतो, शिवाय उतरवताना सांडेल. तळमजल्यावर, हवेशीर, स्विचबोर्डापासून दूर. आणि अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का तेवढं बघा.