बाहुलीघरातली 'वेधशाळा': पाटीवर काय लिहू?

मृण्मयी: लेकीच्या बाहुलीघरात नवी खोली करते आहे. बाहुली खगोलशास्त्रज्ञ आहे, हे लेकीने ठरवलंय. माप फुटाला इंच, म्हणजे खरी चार फुटी दुर्बीण इथे चार इंचांची. जुन्या पेनाच्या नळीत रिफिल सरकवली, टोकाला चपटा मणी, वरून सोनेरी बेगड. पाय उदबत्तीच्या काड्यांचे. कोपऱ्यात गोलयंत्र, म्हणजे आकाशातली वर्तुळं कड्यांनी दाखवणारी प्रतिकृती, आहे: तान्ह्या बाळाच्या तीन बांगड्या, एकीत एक मावतील अशा, तिरप्या बसवल्या आणि मधल्या काडीवर मोहरीएवढी पृथ्वी.

दारावर 'वेधशाळा' अशी पाटी लावली. सासूबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "हवामानखातं का गं हे? मग पाऊस मोजायचं नळकांडं कुठाय?" लेकही म्हणाली, वेधशाळा म्हणजे पाऊस सांगतात ती. पाटी जेमतेम दीड इंचाची आहे. नेमका आणि आखूड शब्द सुचवा.

नभोवेडा: ताई, पाटी अजिबात काढू नका. शब्द मूळचा आकाशाचाच आहे. मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा 1826 साली उभी राहिली ती ताऱ्यांचे वेध घ्यायला आणि बंदरातल्या जहाजांना बिनचूक वेळ द्यायला. चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी तिथे नंतर वाढत गेल्या. मुंबईची ट्राम विजेवर जाणार आणि विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार म्हटल्यावर त्या नोंदींसाठी 1904 साली अलिबाग गाठावं लागलं. पुण्यातही विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक नेगमवालांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा 1912 पर्यंत होती, तिथे सूर्य-तारेच पाहत. पुढे 1928 साली हवामानखात्याचं मुख्यालय पुण्यात आलं, रोजच्या पेपरात 'वेधशाळेचा अंदाज' छापून येऊ लागला आणि शब्द पावसाकडे गेला.

सुधाकाकू: वेध हा 'वेद'चाच भाऊ. विद् म्हणजे जाणणे. आकाश जाणून घ्यायची शाळा ती वेधशाळा.

अनिरुद्ध_सं: काकू, तसं नाही. धातू व्यध् आहे, टोचणे, भेदणे. बाळाचे कान टोचतात त्या संस्काराला कर्णवेध म्हणतात, तोच हा वेध. नजर नेमकी ताऱ्यावर रोवायची, म्हणजे वेध घ्यायचा.

सुधाकाकू: मग ग्रहणाचे वेध लागतात, ते काय टोचतात? आमच्या घरी वेध लागले की स्वयंपाक बंद. गणपतीचे वेध लागतात, सुट्टीचे लागतात. ती ओढ तुझ्या टोचण्यात कुठे बसते?

मराठीनिष्ठ: पाटी राहू दे, आधी 'दुर्बीण' काढा. शब्द उघड फारसी आहे: दूर आणि बीन, म्हणजे पाहणारा. दूरदर्शी किंवा दूरदर्शक म्हणा. मुलीच्या कानावर लहानपणीच शुद्ध शब्द पडला तर तो तिचा होतो. सावरकरांचा 'महापौर' आज कुणाला परका वाटतो?

रानजाई: 'महापौर' रुजला हे खरं, पण दूरदर्शी म्हटलं की मला धोरणी माणूस आठवतो. दुर्बीण आपण स्त्रीलिंगी केली, नचा ण केला, तिचं दुर्बिणी झालं, दुर्बिणीतून झालं. मराठीची विभक्ती ज्याला इतकी सहज लागते तो शब्द घरचाच. माझ्या आजोबांनी मला शनीची कडी दुर्बिणीतून दाखवली. ती आठवण मी दुसऱ्या शब्दात सांगू शकत नाही.

मराठीनिष्ठ: आठवण तुमची, पण भाषा सगळ्यांची आहे. पर्याय असताना उसनं का घ्यायचं?

पोपटराव_परभणी: त्या तीन पायांना तुम्ही काय म्हणता ते कुणीच सांगितलं नाही. आमच्याकडे ती तिवई. उफणणीच्या दिवसांत वडील तिवईवर उभे राहायचे, आई खालून धान्याची पाटी भरून द्यायची. वारा सुटला की वडील पाटी डोक्याच्या वर नेऊन हळूहळू कलती करायचे. ज्वारी सरळ खाली आणि भूस लांब. खळ्याची जमीन उंचसखल, तरी तिवई डुगडुगायची नाही, कारण तीन पाय कुठेही टेकतात. दुर्बिणीला नेमकं हेच लागतं ना? 'ट्रायपॉड' कशाला मग?

नभोवेडा: दादा, सुरेख. आमच्या आकाशदर्शनाच्या गटात सगळे ट्रायपॉडच म्हणतात. या अमावास्येपासून मी तिवई म्हणणार.

रानजाई: तिवईला वर बसायला-उभं राहायला फळी असते. नुसत्या तीन काड्या वर बांधल्या तर ते तिकाटणं. मृण्मयी, तुझ्या काड्या वर दोऱ्याने बांधल्यात की फळीला चिकटवल्यात?

मृण्मयी: पुठ्ठ्याच्या गोल चकतीला चिकटवल्यात, त्यावर दुर्बीण. म्हणजे तिवई? पण पाटीचं...

अनिरुद्ध_सं: बांगड्यांची कल्पना फार आवडली. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायात, बांबूच्या सरळ काड्यांची वलयं करून गोल बांधायला सांगितलाय, मधोमध लाकडी ध्रुवयष्टी, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेली आसाची काठी, आणि तिच्यावर पृथ्वी. तुमच्या कोपऱ्यात तोच गोल आहे. उदबत्तीची काडीही बांबूचीच.

सुधाकाकू: पोपटराव, खळ्यात मधोमध असतो तो तिवडा ना? त्यालाच तुम्ही तिवई म्हणत नाही ना?

पोपटराव_परभणी: नाही काकू. तिवडा म्हणजे मधला रोवलेला खांब, बैल त्याच्याभोवती फिरतात. तिवई वेगळी.

अनिरुद्ध_सं: भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला हीच उपमा आहे! खळ्यातल्या खांबाला बांधलेली जनावरं फिरतात तसे ग्रह-तारे ध्रुवाभोवती फिरतात. तिथे शब्द 'मेढी' आहे. मृण्मयीताई, तुमच्या गोलयंत्रातली मधली काडी म्हणजे तिवडा.

रानजाई: मेढी आणि आपली मांडवाची मेढ एकच का?

पोपटराव_परभणी: मेढ आमच्याकडे वरून दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचं बेचकं, असलेली, आडवं लाकूड पेलणारी. तिवडा तसा नसतो. चुलत्यांना विचारतो, त्यांनी स्वतः खळी केलीत.