सेमाग्लुटाइड सुरू आहे आणि मन उदास. औषध थांबवायचं का?

अबोली_: बहिणीला नैराश्याची गोळी एसिटालोप्राम 10 मिग्रॅ आधीपासून चालू आहे. वजनासाठी सेमाग्लुटाइड घेते: 0.25, मग 0.5, आता आठवड्याला 1 मिग्रॅ. भूक मेलीय, पण चिडचिड वाढलीय, कशातच रस नाही, नुसती पडून असते. इंजेक्शनामुळे का? बंद करू?

टिंगरी: याआधी वजनाचं रिमोनाबँट नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांपायी 2008 मध्ये युरोपातून गेलं, म्हणून सेमाग्लुटाइडसारख्या औषधांकडेही संशयानं पाहिलं गेलं. 2024 मध्ये युरोपच्या औषध नियामकाला आत्महत्येच्या विचारांशी थेट संबंध सापडला नाही, अमेरिकेच्या औषध नियामकाचा (एफडीए) प्राथमिक निष्कर्षही तसाच. मेख अशी की वजनासाठीच्या मुख्य चाचण्यांत नुकतंच तीव्र नैराश्य येऊन गेलेल्यांना घेतलंच नव्हतं. तेव्हा "काही होत नाही" हे बहिणीला डोळे झाकून लावू नका.

मात्रा_वळसा: अबोलीताई, आधी ताट बघा. भूक नाही म्हणून दिवसभर चहा-बिस्किटांवर काढलं तर कुणीही चिडचिडं होईल. दर जेवणात डाळ, अंडं, पनीर यांपैकी काहीतरी आणि दिवसभर घोट घोट पाणी. गोळी घेतल्यावर लगेच उलटी होते का? तसं असेल तर एसिटालोप्राम पोटात टिकतच नाही, आणि ते अचानक तुटलं की गरगर, बेचैनी, रडू. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर घाम-धडधड म्हणजे पॅनिक असं धरून बसू नका, साखर उतरलेली असू शकते, ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी परत तपासणी.

लिथियम (मनःस्थितीच्या आजाराचं औषध) घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं की रक्तातली पातळी चढते.

अबोली_: मधुमेह नाही. उलट्या नाहीत, मळमळ आहे. पुढच्या आठवड्यात 1.7 सांगितलंय.

टिंगरी: मग तो डोस घ्यायच्या आधी फोन करा. 1 वर थांबणं किंवा 0.5 वर येणं, दोन्ही चालतं, ठरवायचं डॉक्टरांनी. आज बंद केलं तरी उद्या मन हलकं होणार नाही, अर्धं औषध शरीरातून जायलाच साधारण आठवडा लागतो. मनाची गोळी मात्र स्वतःहून सोडायची नाही.

वहीत रोज इंजेक्शनचा वार, झोप, मळमळ आणि मनाला 0 ते 10 गुण लिहा. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसच खाली जात असेल तर मळमळीचा हात जास्त. सलग दोन आठवडे खालीच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणखी एक, रात्रीचं फरसाण हाच कुणाचा विरंगुळा असतो. तो गेला की पोकळी उरते, ती इंजेक्शनानं भरत नाही.

मात्रा_वळसा: पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी भरून घ्या. बेरीज 10 किंवा वर आली तर लवकरची वेळ घ्या. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टर. रात्री कुणी भेटलं नाही तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.