मदत हवी आहे : पैसे भरलेल्या सभासदाचीच ओळ लाल होते

मुलुंडकर : आमच्या सोसायटीच्या ८४ सदनिकांच्या मेंटेनन्सची शीट मी सांभाळतो. मुदत उलटूनही पैसे आले नसतील तर ती संपूर्ण ओळ लाल व्हावी, असा नियम कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अट जुळली की सेलला आपोआप रंग देणारी सोय) लावला आहे. प्रत्यक्षात मात्र अध्यक्षांची ओळ लाल झाली असून त्यांनी पैसे केव्हाच भरले आहेत. रविवारी सभा आहे, कृपया लवकर सांगावे.

आकडेमोड : एक्सेल की गूगल शीट्स, सूत्र काय आणि नियम कोणत्या ओळीपासून लावला, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

ठाणे_लोकल : रंगाच्या भानगडीत पडूच नये. मी वेगळा रकाना घेऊन त्यात इफच्या सूत्राने ‘बाकी’ असा शब्द आणतो, म्हणजे काळ्यापांढऱ्या छापील प्रतीतही थकबाकीदार कळतो.

आकडेमोड : सूचना चांगली आहे, पण त्यांचा प्रश्न रंगाचा आहे.

पावतीपुस्तक : थकबाकीवर व्याज आकारण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर आहे का, हे आधी पाहावे.

मुलुंडकर : व्याजाबद्दल मी विचारलेलेच नाही. एक्सेल २०१६ आहे. डी२ मधली मुदत टुडेपेक्षा, म्हणजे आजच्या तारखेपेक्षा, लहान आणि पैसे आल्याच्या नोंदीचा ई२ रिकामा, असे साधे सूत्र आहे. रकाना सरकू नये म्हणून डी आणि ई यांच्या आधी डॉलरचे चिन्हही दिले आहे. लाल होते अध्यक्षांची सदनिका ४०२, बाकी आहे तिच्या खालच्या ४०३ ची.

आकडेमोड : हे शेवटचे वाक्य आधी लिहिले असते तर वेळ वाचला असता. आपण शीर्षकाच्या ओळीसकट, म्हणजे ए१ पासून, निवड केली असणार. सूत्रातला २ हा निवडीच्या पहिल्या ओळीला लागू होतो, त्यामुळे प्रत्येक ओळ आपल्या खालच्या ओळीची बाकी पाहून रंगते. मॅनेज रूल्समध्ये जाऊन जुना नियम पुसावा, ए२ पासून खाली ८५ व्या ओळीपर्यंत निवड करावी आणि तेच सूत्र पुन्हा लिहावे.

ठाणे_लोकल : गूगल शीट्समध्ये ही कटकट नाही.

आकडेमोड : तिथेही हेच होते.

मुलुंडकर : ४०२ मोकळी झाली, आभारी आहे. मात्र ६०१ आणि ७०४ यांची बाकी असूनही त्या लाल होत नाहीत.

आकडेमोड : त्यांच्या मुदतीच्या तारखा सेलमध्ये डाव्या कडेला चिकटलेल्या आहेत का? तसे असेल तर एक्सेल त्यांना मजकूर समजत आहे, आणि तुलनेत मजकूर नेहमी आकड्यापेक्षा मोठा ठरतो, म्हणून मुदत उलटली असे धरले जात नाही.

मुलुंडकर : होय, दोन्हीकडे १५.०४.२०२४ अशी टिंबे दिलेली आहेत. तिरप्या रेघा देऊन टाईप करताच दोन्ही ओळी लाल झाल्या. ७०४ माझीच आहे.